ही हाक कोणाची?

शास्त्रपाठ : यशया ५५:१-३, योहान १०:१-५



यशयाच्या पंचावन्नाव्या अध्यायाची सुरुवात एका हाकेने होते. पूर्वेकडील शहरांतून पाणी विकणारे लोक पखाल पाठीवर घेऊन गल्लोगल्ली हाक घालीत फिरत. संदेष्टा त्यांचीच रीत उचलतो. तहानलेल्यांना तो पाण्याकडे बोलावतो, दूध आणि द्राक्षारस विकत घ्यायला सांगतो. मग तो असे काही बोलतो की जे बाजारात कधी ऐकू येत नाही : ज्याच्या कनवटीला पैसा नाही त्यानेही निःसंकोच यावे. आणि लगेच एक प्रश्न विचारतो. ज्याने पोट भरत नाही आणि जीव तृप्त होत नाही, अशा वस्तूंवर तुमच्या घामाचा पैसा का चालला आहे, असा त्या प्रश्नाचा आशय आहे.

हा संदेश बाबेलातील बंदिवानांसाठी होता. बाबेल हे व्यापाराचे मोठे शहर. तेथे हाकांना तोटा नव्हता. इतक्या गलबल्यात आपल्या देवाचा आवाज ओळखायचा, हे त्या लोकांपुढील काम होते. प्रभू येशूनेही उत्तम मेंढपाळाविषयी शिकवताना हीच खूण सांगितली. मेंढरे मेंढपाळाचा आवाज ओळखतात आणि परक्याच्या मागे जात नाहीत.

आज आपल्या कानांवर दिवसभर ज्या हाका पडतात त्यांतील बहुतेक जाहिरातीच्या आहेत. काही उघड आहेत, काही छुप्या. म्हणून या महिन्याच्या मननासाठी आम्ही एकच प्रश्न घेतला आहे : ही हाक कोणाची, आणि तिचे पैसे कोणी दिले?

बाजारातील उघडी हाक

आमचे मोहगाव सौंसर तालुक्यात आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग मध्य प्रदेशात राहिला आणि २०२३ पासून तो नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आला. घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी, शेतात कापूस आणि संत्री, आणि मोठ्या कामासाठी नागपूर, असे आमचे जीवन. त्यामुळे विकणाऱ्यांची हाक आम्हांला दोन्ही भाषांतून ऐकू येते.

बाजारात भाजीवाला हाक घालतो तेव्हा त्यात लपवाछपवी नसते. त्याचे तोंड आपल्याला दिसते, तराजू दिसतो, वांगे किडके आहे की चांगले हे हातात घेऊन पाहता येते. तो आपला माल विकायलाच बसला आहे हे त्यालाही ठाऊक आणि आपल्यालाही. अशा हाकेत पाप नाही. पवित्र शास्त्र व्यापाराला दोष देत नाही. फिलिप्पै येथे प्रथम ज्या स्त्रीचे अंतःकरण प्रभूने उघडले ती लुदिया जांभळ्या वस्त्रांची विक्रीच करीत होती. शास्त्राला वीट आहे तो खोट्या तराजूचा, हे नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात स्पष्ट आहे.

छापील जाहिरातही मुळात अशीच उघडी हाक होती. आपल्या देशातील पहिले वृत्तपत्र जेम्स हिकी याने १७८० साली कलकत्त्यात काढले, त्याच्या पूर्ण नावातच 'ॲडव्हर्टायझर' म्हणजे जाहिरात देणारा हा शब्द होता. मराठीत काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि दिवाळी अंकांची प्रथा पडली. तेलाच्या, साबणाच्या, औषधांच्या जाहिरातींनी या अंकांचा खर्च उचलला म्हणूनच उत्तम कथा-कविता सामान्य वाचकाच्या हाती थोडक्या किमतीत आल्या. हे उपकार नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्या काळी जाहिरातीभोवती एक चौकट असे. चौकटीच्या आत दुकानदार बोलत असे, बाहेर लेखक. वाचकाला दोन्ही आवाज वेगळे ओळखता येत. पुढे हळूहळू ही चौकट पुसली गेली. आपल्या चिंतेचे कारण हेच आहे.

गाण्यात मिसळलेली हाक

१९५२ साली आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीते जवळजवळ बंद झाली तेव्हा लोकांनी रेडिओची सुई सिलोनकडे वळवली. तेथे त्याच वर्षी 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सायानी यांचा आवाज घरोघरी पोहोचला. बिनाका हे दातांच्या पेस्टचे नाव. कोणते गाणे वर चढले आणि कोणते खाली आले याची चर्चा आठवडाभर चाले, आणि प्रत्येक वेळी पेस्टचे नाव तोंडी येई. गाणे आणि मंजन यांची अशी गाठ पडली की सोडवता सुटेना.

विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ पासून, मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून. म्हणजे आमचा नागपूरकडील प्रदेश या बाबतीत अगदी पहिल्या रांगेत होता. दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती आल्या. १९८४ मध्ये 'हम लोग' ही मालिका प्रायोजकांच्या पैशावर निघाली, आणि सबंध देशाने एका सामान्य कुटुंबाच्या सुखदुःखाबरोबर झटपट शेवयांची चवही शिकून घेतली. पुढे खाजगी वाहिन्यांचे युग आले. तासाला बारा मिनिटांहून अधिक जाहिराती नसाव्यात असा नियम झाला. परंतु मालिकेतील पात्रच जेव्हा गोष्टीच्या मध्ये एखादे तेल किंवा मसाला हातात धरून त्याचे गुण सांगू लागते, तेव्हा मिनिटे मोजायची तरी कशी?

एका रविवारी आम्ही शब्बाथशाळेतील मुलांना दोन गोष्टी विचारल्या. दहा आज्ञा क्रमाने कोण सांगेल? तीन-चार हात वर झाले, आणि सहावी-सातवीपाशी गाडी अडली. मग विचारले, अंगाच्या आणि कपड्यांच्या साबणांची नावे कोण सांगेल? सगळा वर्ग उठून उभा राहिला. नावे तर आलीच, पण चालीही आल्या आणि हातवारेही आले.

मुले हसली, आम्हीही हसलो. पण त्यात एक शिकवण होती. मुलांची स्मरणशक्ती उत्तम आहे. जे वारंवार, गोड सुरात आणि घरच्या घरी ऐकवले जाते ते ती धरून ठेवते. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात मोशेने इस्राएलास हीच पद्धत सांगितली होती : घरी बसता, वाटेने चालता, निजता आणि उठता देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवा, दाराच्या चौकटींवर लिहा. आज ही आज्ञा अक्षरशः कोण पाळतो? साबणवाला पाळतो. तो मुलांशी उठता बोलतो, निजता बोलतो, आणि त्याचे नाव भिंतींवर आणि दारांवर लिहिलेले असते. या खटाटोपासाठी तो पैसा मोजतो. आपल्याला पैसा लागत नाही, फक्त रोजची पंधरा मिनिटे लागतात.

बातमीच्या वेषातील हाक

गाण्यातील हाकेने फार तर एक साबण जास्त खपतो. बातमीचा वेष घेतलेली हाक याहून गंभीर आहे. ती समजण्यासाठी आम्ही आमच्यासारख्याच कापसाच्या मुलखातील, यवतमाळ जिल्ह्यातील गोष्ट सांगतो.

२००२ साली आपल्या देशात बीटी कापसाच्या बियाण्याला परवानगी मिळाली. बोंडअळीचा त्रास कमी होईल, फवारणी वाचेल असे सांगण्यात आले, आणि थोड्याच वर्षांत विदर्भात व आमच्याकडेही हे बियाणे सर्वत्र झाले. २००८ साली 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या नागपूर आवृत्तीत भांबराजा आणि अंतरगाव या दोन गावांविषयी पानभर मजकूर बातमी म्हणून आला. या बियाण्याने तेथील शेतकऱ्यांची भरभराट झाली असून तेथे आत्महत्या होत नाहीत, असे त्याचे सार होते. ऑगस्ट २०११ मध्ये तोच मजकूर पुन्हा पानभर छापून आला. या वेळी मात्र तो जाहिरात होता. वार्ताहरांचा प्रवास महिको मोन्सँटो बायोटेक या बियाणे कंपनीने घडवून आणला होता, ही माहिती बारीक अक्षरांत होती. मार्च २०१२ मध्ये संसदेची कृषिविषयक स्थायी समिती भांबराजा येथे आली तेव्हा गावकऱ्यांनी सांगितले की आमच्या गावात चौदा आत्महत्या झाल्या आहेत. पत्रकार पी. साईनाथ यांनी मे २०१२ मध्ये 'द हिंदू'मध्ये ही सारी हकीकत मांडली.

शेतकऱ्याच्या मरणाला एकटे बियाणे कारण असते असे आम्ही म्हणत नाही. कर्ज, पाऊस, भाव, आजारपण, व्यसन अशी कारणांची जुडी असते. बीटी कापसाने काही वर्षे बोंडअळी आवरली हेही खरे. पुढे गुलाबी बोंडअळीला त्याचे काही वाटेनासे झाले आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातील उभे पीक तिने खाल्ले, हेही तितकेच खरे. परंतु आपला प्रश्न बियाण्याचा गुण-दोष ठरवण्याचा नाही. प्रश्न साक्षीचा आहे. एकच मजकूर तीन वर्षांपूर्वी बातमी असतो आणि नंतर जाहिरात होतो, तेव्हा वाचणाऱ्या शेतकऱ्याने कोणाचा आवाज ऐकला? वार्ताहराचा की विकणाऱ्याचा?

साबण वाईट निघाला तर आठ दिवसांनी बदलता येतो. बियाणे वाईट निघाले तर वर्ष जाते. पेरणीपूर्वी शेतकरी कृषी केंद्रात उभा राहून पाकीट हातात घेतो तेव्हा त्या पाकिटात त्याच्या मुलीचे लग्न असते, मुलाची फी असते, सावकाराचा हप्ता असतो. अशा माणसापुढे ठेवलेली साक्ष खरी असणे हा जीवनमरणाचा विषय आहे.

२००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीतही असाच प्रकार दिसला. निरनिराळ्या दैनिकांत, निरनिराळ्या नावांनी, काही ठिकाणी शब्द न् शब्द सारखा असलेला स्तुतीचा मजकूर बातमी म्हणून छापून आला. 'पेड न्यूज' हा शब्द तेव्हापासून घराघरांत गेला. भारतीय वृत्तपत्र परिषदेने नेमलेल्या दोन सदस्यांच्या समितीने २०१० मध्ये याविषयी सविस्तर अहवाल दिला. परिषदेने प्रथम त्याचा सारांशच बाहेर दिला, पूर्ण अहवाल २०११ मध्ये लोकांपुढे आला.

नववी आज्ञा आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मना करते. त्या काळी साक्ष वेशीत बसलेल्या वडिलांपुढे होई, आणि साक्षीदाराच्या एका शब्दावर शेजाऱ्याचे शेत जाई किंवा राही. आज वृत्तपत्र आणि दूरचित्रवाणी हे आपल्या वेशीतील साक्षीदार आहेत. अनुवादाच्या सोळाव्या अध्यायात इशारा आहे की लाच शहाण्याचीही दृष्टी घालवते. साक्षीदाराचे वेतन विकणारा देऊ लागला की साक्षीदार नेहमी खोटेच बोलेल असे नाही. पण तो काही गोष्टी बोलणार नाही. आणि न बोललेले सत्यसुद्धा शेजाऱ्याचे शेत घेऊन जाऊ शकते. आमोस संदेष्ट्याने आठव्या अध्यायात ज्या व्यापाऱ्यांना फटकारले ते माप लहान करीत आणि गव्हात भुसा घालून विकत. आज भुसा शब्दांत मिसळतात, एवढाच फरक.

आरशातील हाक

आता आपल्या घरातील आरशाकडे पाहू. १९७५ साली हिंदुस्थान लिव्हर कंपनीने 'फेअर अँड लव्हली' ही मलम बाजारात आणली. पुढील कित्येक वर्षे तिच्या जाहिरातींनी एकच कथा फिरवून फिरवून सांगितली : सावळी मुलगी, तिला नाकारणारे जग, मलमीची नळी, उजळलेला चेहरा, आणि मग नोकरी किंवा नवरा. लोकांनी टीका केली, काळ पालटला, आणि २०२० मध्ये कंपनीने नावातील गोरेपणाचा शब्द काढून 'ग्लो अँड लव्हली' असे नाव ठेवले. पण पंचेचाळीस वर्षे जे मुलींच्या मनावर लिहिले गेले ते डब्यावरचे नाव बदलल्याने पुसले जात नाही.

आपल्या ख्रिस्ती घरांना तरी याची बाधा झाली नाही असे म्हणता येईल का? सोयरीक जुळवताना मुलीचे शिक्षण, शील आणि विश्वास यांच्या आधी तिचा रंग विचारणारी घरे आपल्या मंडळ्यांत आहेतच. गीतरत्नातील वधू आपल्या सावळ्या वर्णाची लाज बाळगत नाही, ती तो अभिमानाने सांगते. हा भाग शब्बाथशाळेत मुलींना मुद्दाम वाचून दाखवावा असे आम्हांला वाटते. उन्हात कापूस वेचणाऱ्या आईचा रंग हा काही दोष नव्हे. देवाने ज्याला चांगले म्हटले त्याला उणे ठरवल्यावाचून मलम विकता येत नाही, ही या धंद्यातील गोम आहे.

येथे उत्पत्तीचा तिसरा अध्याय आठवावा. एदेन बागेत कशाचीही वाण नव्हती. सर्पाने हव्वेला नवी वस्तू दिली नाही. तिच्याजवळ जे होते ते अपुरे आहे असे त्याने तिला वाटायला लावले. मग ते झाड तिला खाण्यास चांगले, दिसण्यास मोहक आणि शहाणपण देणारे असे तिन्ही अंगांनी हवेसे झाले. सर्पाने अर्धे सत्य सांगितले, किंमत सांगितली नाही. किंमत आदाम आणि हव्वेने भरली, आणि अजून आपण भरत आहोत. म्हणून जाहिरात पाहताना, 'ही वस्तू चांगली आहे का?' एवढेच विचारून भागत नाही. 'ही मला माझ्याविषयी काय मानायला सांगते?' हेही विचारले पाहिजे. माणसाचे जीवन त्याच्या मालमत्तेच्या विपुलतेत नसते, ही प्रभूने लूकच्या बाराव्या अध्यायात दिलेली शिकवण या हाकेवरचे उत्तर आहे.

खिशातील हाक

आता ही हाक आपल्या खिशात आली आहे. मोबाईलवरील गाणी, चित्रफिती, गप्पा फुकट मिळतात असे आपण म्हणतो. गूगल आणि फेसबुक चालवणारी मेटा या कंपन्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग जाहिरातींतून येतो. म्हणजे बाजारात जी वस्तू मांडली आहे ती आपले लक्ष आहे, आणि गिऱ्हाईक दुसराच आहे. आपण काय पाहतो, कोठे थांबतो, रात्री किती वाजता जागे असतो, हे नोंदले जाते आणि त्याप्रमाणे पुढची हाक येते. भाजीवाला सर्वांना एकच हाक घालतो. मोबाईल प्रत्येकाला त्याच्या दुबळ्या जागी हाक घालतो.

दुबळ्या जागा कोणत्या हे विकणाऱ्यांना चांगले ठाऊक असते. मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी गुटखा-पानमसाल्याच्या धंद्यातील नावे वेलचीच्या डबीवर झळकतात आणि नामवंत नट ती डबी हातात धरतात. मद्याची नावे सोड्याच्या बाटलीवर येतात. क्रिकेटच्या अंगरख्यांवर कित्येक वर्षे पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांची नावे मिरवली. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने असे खेळ आणि त्यांच्या जाहिराती यांवर बंदी घालणारा कायदा केला. तोवर किती तरुणांनी बापाच्या कापसाचे पैसे त्यात घालवले असतील त्याचा हिशेब कोणी द्यावा?

मित्रासारखे बोलणारे जे तरुण-तरुणी पडद्यावर मलम, कपडे, गुंतवणूक सुचवतात त्यांनी आपल्याला पैसे मिळाले असल्यास तसे स्पष्ट सांगावे, असे जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये सुचवले. केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये फसव्या जाहिरातींविरुद्ध नियम केले, त्यांत मुलांना भुलवणाऱ्या आणि आडून केलेल्या जाहिरातींचाही समावेश आहे. नियम चांगले आहेत. परंतु वेशीवर पहारा बसवला म्हणून घराचे दार उघडे टाकून निजता येत नाही.

देवाच्या वचनाचा बाजार

बंधुभगिनींनो, आता आपल्याच अंगणात पाहू या. मंडळीलाही जाहिरातीची बोली लागली आहे. सभांच्या फलकांवर ख्रिस्ताच्या नावापेक्षा वक्त्याचा फोटो मोठा असतो. अमुक सभेला या आणि मधुमेहापासून कर्जापर्यंत सर्वांतून सुटा, अशी हमी छापली जाते. ठरावीक रोगांवर जादूच्या उपायांची जाहिरात करण्यास या देशात १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. जे वैद्याला मना आहे ते प्रभूच्या नावाने केल्यास शोभते काय? आजाऱ्यांसाठी प्रार्थना करणे हे मंडळीचे कर्तव्य आहे. पण प्रार्थनेची हमीपत्रे वाटणे हे विश्वासाचे काम नव्हे.

प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी, देवाच्या वचनाचा धंदा करणाऱ्यांपासून स्वतःला वेगळे काढतो. आणि तो हे नुसते लिहीत नाही. करिंथमध्ये तो अक्विल्ल आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू शिवीत होता. आपल्या हाकेचे पैसे ऐकणाऱ्यावर पडू नयेत, आणि कोणा धनिकाच्या उपकाराखाली ती हाक मिंधी होऊ नये, म्हणून त्याच्या बोटांना घट्टे पडले. त्याच्या संदेशाचे पैसे कोणी दिले, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या हातांवर लिहिलेले होते.

लहान मंडळ्यांपुढे मोह लहान नसतो. छप्पर गळते, बाके मोडलेली असतात, आणि कोणी म्हणतो, आमचा फलक कापणीच्या सणाला मंडपात लावा, आम्ही मंडपाचा खर्च देतो. तेव्हा वडीलमंडळींनी शांतपणे विचार करावा. देणगी घेण्यात दोष नाही. पण ज्या वेदीपुढे शेतकरी आपले पहिले फळ आणून ठेवतो, तेथे त्याला बियाणे किंवा औषध विकणाऱ्याचे नाव टांगले की मंडळीचा विश्वासू आवाज त्या मालाच्या मागे उभा राहिला असा त्याचा अर्थ होतो. गळके छप्पर परवडले. विकलेला आवाज परत विकत घेता येत नाही.

शिक्षकांसाठी आणि घरांसाठी

यावर उपाय काय? मुलांचे डोळे बांधून उपयोग नाही. त्यांना आवाज ओळखायला शिकवले पाहिजे. आम्ही मोहगावकडील घरगुती सभांत आणि मुलांच्या वर्गात एक साधी पद्धत चालवतो. ती आपल्या येथे करून पाहावी.

एखादे जुने वर्तमानपत्र वर्गात आणावे. मुलांना रंगीत पेन्सिल द्यावी आणि जाहिरातींभोवती चौकट काढायला सांगावे. प्रथम मोठ्या जाहिराती सापडतात. मग विचारावे, आणखी कोठे कोणी काही विकत आहे काय? मुले बारीक अक्षरे वाचू लागतात. पानाच्या कोपऱ्यात लिहिलेला 'प्रायोजित' किंवा 'जाहिरात' हा शब्द सापडला की त्यांना मोठा आनंद होतो. पुसलेली चौकट पुन्हा काढणे हाच या धड्याचा हेतू.

मग चार प्रश्न पाठ करून घ्यावेत. ही हाक कोणाची? तिचे पैसे कोणी दिले? ती मला माझ्यात काय उणे आहे असे सांगते? आणि ती कोणती गोष्ट सांगत नाही? मोठ्या मुलांना हेच चार प्रश्न मोबाईलवरील चित्रफितीला लावायला सांगावे. आम्ही पाहिले आहे की मुले हे प्रश्न घरी नेतात आणि जेवताना वडिलांनाही विचारतात.

घरांसाठी दोन सूचना. पहिली, जेवणाच्या आणि कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी मोबाईल आणि दूरचित्रवाणी बंद असावी. दिवसातून निदान एक वेळ अशी असावी की जेव्हा घरात कोणी काही विकत नाही. दुसरी, मोठी खरेदी, मग ती बियाणे असो, औषध असो की मुलाच्या शिकवणीची फी, केवळ फलक पाहून करू नये. ज्याने ती वस्तू वापरली आहे आणि ज्याला तिच्या खपातून काही मिळत नाही अशा दोन माणसांना विचारावे. बियाण्याची पावती आणि रिकामे पाकीट हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावे. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा १९१५ हा क्रमांक आहे. मुकाट्याने सोसणे ही काही ख्रिस्ती सहनशीलता नव्हे, कारण आज आपण बोललो तर उद्या शेजारी वाचतो.

मंडळीतही अशी माणसे हवीत की ज्यांना लोक भरवशाने विचारू शकतील. आपल्यापैकी कोणी कृषी केंद्र चालवतो, कोणी औषधाच्या दुकानात असतो, कोणी वर्तमानपत्राचा बातमीदार आहे. जेथे जास्त नफ्याचा माल पुढे सरकवता आला असता तेथे, 'हा नको, स्वस्तातला तोच गुण देतो,' असे सांगणारा ख्रिस्ती दुकानदार नवव्या आज्ञेवर दहा उपदेशांइतके बोलतो.

ज्या हाकेची किंमत भरून झाली आहे

शेवटी पुन्हा यशयाच्या हाकेकडे येऊ. आपण आज जो प्रश्न प्रत्येक आवाजाला विचारला तो या हाकेलाही विचारला पाहिजे. पैशावाचून दूध आणि द्राक्षारस देणारा हा कोण? याचे पैसे कोणी दिले?

जगात काहीच फुकट नसते हे आपण वर पाहिले. सुवार्ताही या अर्थाने फुकट नाही. तिची किंमत फार मोठी होती. मात्र ती किंमत हाक घालणाऱ्याने स्वतः भरली आहे. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात दुःखी सेवकाचे चित्र आहे, आणि दोनच अध्यायांनंतर ही उघडी हाक आहे. हा क्रम ध्यानात घ्यावा. आधी सेवकाने भरले, मग तहानलेल्यांना बोलावणे गेले. जाहिरात फुकट म्हणून हाती देते आणि किंमत मागून घेते. ख्रिस्ताने किंमत आधी भरली आणि मग आपल्याला बोलावले. परक्याच्या आणि मेंढपाळाच्या आवाजातील फरक ओळखण्याची याहून पक्की खूण आम्हांला ठाऊक नाही. मेंढपाळ मेंढरांसाठी आपला प्राण देतो. परक्याला मेंढरांकडून काही तरी हवे असते.

म्हणून प्रियहो, गलबल्याला भिऊ नका. बाजार राहणार, हाका राहणार. आपल्या मुलामुलींच्या कानांत दुसरी हाक इतकी स्पष्ट पडू द्या की पहिलीचे मोल त्यांना आपोआप कळेल.

हे प्रभो, आम्हांला ऐकण्याचे कान दे. आमच्या घरांतील मुलांना तुझा आवाज ओळखता येऊ दे. आमच्या शेतकऱ्यांना खरी साक्ष मिळू दे, आमच्या दुकानदारांचा तराजू आणि बातमीदारांची लेखणी सरळ ठेव, आणि तुझ्या मंडळीचा आवाज कोणालाही विकत न मिळो. येशूच्या नावाने मागतो. आमेन.